वैनींची माती

रोहिणी साडेनवाच्या एसटीनं उतरली तेव्हा मी पडवीत दिवे मांडत होते. आषाढातली अवस होती, दिव्यांची. घरातल्या समया, निरांजनं, देवापुढचा लामणदिवा, सगळं चिंचेनं घासून पाटावर ओळीनं ठेवलं होतं. बांधावरून कुणीतरी छत्री सांभाळत येताना दिसलं. चालण्यावरून ओळखलं. चिखलात भरभर चालू नये हे खाडीकाठच्या खारेपाटातल्या माणसाला कळतं. ती तालुक्याच्या गावातली, आळीतली.

"वैनी! आहात ना घरात?" लांबूनच हाक.

मी हात वर केला. तोंड उघडलं नाही. आषाढी एकादशीपासून माझं मौन असे, उठल्यापासून दुपारच्या नैवेद्यापर्यंत, चातुर्मासभर. त्या वर्षी जोडीला वर्षभराचा लक्ष वातींचा नेमही होता. रोजच्या तीनशे वाती वळून झाल्याशिवाय मी अन्नाला शिवत नसे.

तिनं पागोळीखाली पाय धुतले, छत्री उलटी करून ठेवली आणि माझ्याकडे बघून कपाळावर हात मारला.

"अगोबाई, मौन! विसरलेच की मी. आता काय करायचं? बरं, असू दे. आज तरी मला कुणी मध्येच तोडणार नाही."

ती स्वतःच हसली. मीही हसले. रोहिणी आली की हसावंच लागायचं.

रोहिणी माझी धाकटी जाऊ. मधूभाऊजींची बायको. आमच्या घरात तीन पिढ्या गणपती घडताहेत. सासरे गेल्यावर दोघे भाऊ वेगळे झाले तेव्हा वाटणीत दोन जागा होत्या. एक हे देवखारचं घर, मागे मोठी पडवी, शेड, विहीर, समोर बांध आणि बांधापलीकडे खाडी. दुसरी म्हणजे तालुक्याच्या गावात, मूर्तिकारांच्या आळीत, भाड्यानं घेतलेली दोन खणांची अंधारी जागा. हे मोठे, म्हणून निवड आधी ह्यांची. हे विचारात पडले होते. मीच म्हटलं, "देव हलवायचे नाहीत." आमच्या देव्हाऱ्यातले देव त्या जागेवरून कधी उठलेले नव्हते. हे बरं म्हणाले. आम्ही देवखारला राहिलो. मधूभाऊजी आणि रोहिणी आळीत गेले.

तेव्हा मला वाटलं होतं, मोठी जागा आमच्याकडे आली.

आळीत तीसएक कारखाने आहेत. कारखाना म्हणजे ओटी आणि मागची खोली, दुसरं काही नाही. भिंतीला भिंत, सगळ्यांत मिळून एक नळ. एखादीनं पीतांबराच्या पिवळ्यात किंचित शेंदरी मिसळून बघितलं की नळावर तिच्या नखांवरून दुसरीला कळतं. संध्याकाळी तो रंग बारा घरच्या पीतांबरांवर चढलेला असतो, आणि बाराजणींतल्या एकीनं त्यात आणखी काही घालून तो जास्त गोड केलेला असतो. मी वर्षातून दोनतीनदा हळदीकुंकवाला जायची, सगळं डोळ्यांत साठवून आणायची. ती छटा आमच्या शेडमध्ये उतरायची पुढच्या वर्षी. तोवर आळीत ती जुनी झालेली असायची.

एकदा मुंबईचा एक व्यापारी आमच्या मूर्ती बघून ह्यांना म्हणाला, "छान आहेत. गेल्या वर्षीच्या का?" त्याच वर्षीच्या होत्या. ओल्या होत्या अजून.

हे हसून सोडून देत. मला ते सुटत नसे. वाती वळताना बोटं चालत असत आणि मनात आळी. त्या बायका आत्ता काय बोलत असतील, कुणाला काय सुचलं असेल, रोहिणीला न मागता काय काय मिळालं असेल. जपाची माळ संपायची, आळी संपायची नाही.

"वैनी, ऐका," रोहिणी पाटाशेजारी बसली. बसल्या बसल्या तिनं माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि राहिलेलं निरांजन पुसायला लागली. "मी मोठ्या अडचणीत आहे. मोठे भाऊजी कुठायत?"

मी बांधाकडे बोट केलं.

"बांधाला खांड पडली का? भरतीच्या आधी बुजवायला गेलेत होय? मग दुपारशिवाय येत नाहीत." तिनं घड्याळ बघितलं. "आणि माझी एसटी सव्वाअकराची. आज उधाण. ती चुकली की रस्ता पाण्याखाली. म्हणजे मी बोलणार, तुम्ही ऐकणार, आणि मी जाणार. चांगली गंमत आहे."

मग ती गंभीर झाली. तशी ती क्वचितच व्हायची.

मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं मधूभाऊजींना नव्वद शाडूच्या मूर्ती सांगितल्या होत्या. प्लास्टर नको, शाडूच हवा, असं म्हणणारी गिऱ्हाइकं त्या सुमाराला पुन्हा यायला लागली होती. आळीत प्लास्टर येऊन वीसेक वर्षं झालेली. शाडू मळणारे जुने हात एकेक करून गेले होते. भाऊजींनी हिंमत केली, नव्वद मूर्ती साच्यातून काढल्या, आणि पावसात वाळेनात म्हणून विजेचे मोठे दिवे लावून वाळवायला घेतल्या.

"तडे, वैनी," रोहिणी म्हणाली. "सोंडेला तडा, कानाला तडा, वरच्या हाताला तडा. बुजवला की दुसरीकडे जातो. नव्वदातल्या अकरा धड आहेत. नारळी पौर्णिमेला व्यापारी माल उचलणार. नाही दिला तर तो म्हणालाय, मी दुसरा बघतो. आणि मालकाचं आधीच चाललंय, जागा पुतण्याला हवी म्हणून. हंगाम बुडाला की तो आम्हाला काढणारच. मग काय, यायचं देवखारला परत. तुमच्या शेडमध्ये एक कोपरा द्या म्हणजे झालं."

ती हसायला गेली पण तिला जमलं नाही. फडकं निरांजनावरून नुसतंच फिरत राहिलं.

"काल नळावर तारामावशी म्हणाल्या, 'अगो, तुझ्या मोठ्या जावेकडे शाडूच करतात ना? त्यांच्या मूर्तींना गेली दोन वर्षं तडा बघितला नाही कुणी.' आणि माझ्या एकदम डोक्यात आलं. खरंच की! वैनी, काय करता तुम्ही?"

मी तिच्याकडे बघत राहिले.

काय करतो ते मला ठाऊक होतं. माझंच होतं ते. तीन वर्षांपूर्वी असाच एक लहान वातींचा नेम मी शेडच्या दारात बसून करत होते. वाऱ्यानं कापसाचं बारीक पिंजण उडून ह्यांनी मळलेल्या मातीत गेलं. मी निवडून काढलं, पण एका गोळ्यात राहून गेलं. त्या गोळ्याची जी मूर्ती झाली, तेवढी एकच त्या वर्षी तडकली नाही. हे म्हणाले देवाची कृपा. मी पण तसंच म्हटलं. पण पुढच्या वेळी घमेल्यात दोन मुठी कापूस पिंजून, पाण्यात भिजवून मीच घातला. पुन्हा तडा नाही. सोंड पातळ केली तरी नाही. मातीच्या अंगात धागा असला की तिचे कण वाळताना एकमेकांना धरून राहतात, इतकंच.

आयुष्यात पहिल्यांदा आमच्याकडे असं काही होतं, जे आळीत नव्हतं.

"मातीत काही घालता का? की वाळवायची काही रीत आहे?" रोहिणीनं विचारलं. "नुसतं मान हलवून सांगा. डिंक?"

मी मान हलवली. नाही.

"मेथीचं पाणी? आमच्याकडे एक म्हातारा म्हणत होता."

नाही.

"मग वाळवायचंच काहीतरी असणार. शेडमध्ये बघू का?"

ती उठली. मी तिच्यामागून गेले. आमच्या मूर्ती फळ्यांवर बसल्या होत्या, साठेक. तिनं एकेकीच्या सोंडेवरून, कानामागून बोट फिरवलं. आळीतल्या बायकांची बोटं डोळ्यांसारखी असतात. तिचा श्वास ऐकू येत होता. इतका वेळ गप्प बसलेली रोहिणी मी पहिल्यांदाच पाहिली.

शेडच्या दाराशी, खांबाच्या खुंटीला, माझी दगडी पाटी टांगलेली असायची. मौनात ह्यांना काही सांगायचं असलं तर मी पाटीवर लिहायची. त्या दिवशी पहाटे 'मीठ संपलं' असं लिहिलं होतं. पाटी आणि पेन्सिल दोन्ही तिथंच होती. रोहिणीची पाठ होती माझ्याकडे. ती तिसऱ्या फळीकडे वाकली होती.

मी पाटी खुंटीवरून काढली आणि भिंतीकडे तोंड करून खाली ठेवली.

कशासाठी ते तेव्हा मनाशीसुद्धा म्हटलं नाही. मनात एवढंच आलं की नव्वद मूर्ती हव्या असलेला माणूस दुसरा बघणार आहे. आणि दुसरं असं एकच घर आहे. तो बांधावरून चालत येईल, चिखलात सावकाश, आणि आमच्या फळ्यांसमोर उभा राहील.

"वैनी," रोहिणी वळली. "काहीतरी आहे हो. मला दिसत नाहीये, पण आहे. सांगा ना. बारा वाजेपर्यंत थांबता आलं असतं तर थांबले असते. तुमचं मौन मोडा असं मी म्हणणार नाही, ते पाप मी डोक्यावर घेणार नाही. पण काही खूण?"

मी देवघराकडे हात केला. हात जोडले. देवाची इच्छा, असा त्याचा अर्थ. मौनातल्या बाईला ह्याहून सोपं उत्तर नसतं, आणि त्याला कुणी खोटंही म्हणू शकत नाही.

रोहिणी माझ्या जोडलेल्या हातांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

"बरं," ती म्हणाली. "त्याचीच इच्छा."

मी तिला नैवेद्याचे बाजूला काढून कणकेचे दोन गोड दिंडे डब्यात घालून दिले, तूप वेगळं. निघताना तिची नजर शेडच्या कोपऱ्यात गेली. तिथं ह्यांच्या हातून सकाळी पडलेल्या एका मूर्तीचे तुकडे होते. तिनं त्यातली सोंड उचलली.

"असं पायाखाली नको, वैनी. देवाचा अवयव. जाताना खाडीत सोडते."

मी मान हलवली. भंगलेलं पाण्यात सोडायचं ही रीतच आहे. दिवसभरात मीच सोडणार होते. तिनं सोंड पदरात धरली, छत्री उघडली आणि बांधावरून भरभर चालत गेली. एसटीचा हॉर्न वाजला. मग खाडीचं पाणी रस्त्यावर चढलं आणि देवखार दर उधाणासारखं बेट झालं.

हे दीड वाजता आले. मी नैवेद्य दाखवून मौन सोडलं होतं.

"रोहिणी येऊन गेली म्हणे? शेजारचा गणू सांगत होता बांधावर."

"हो. त्यांच्या मूर्तींना तडे जाताहेत."

"मग? सांगितलंस ना?"

"मौन होतं माझं."

हे पाय पुसत होते, थांबले. "पाटी होती की."

मी वाढायला घेतलं. हे पानावर बसले. जेवून उठताना एवढंच म्हणाले, "उद्या मी जाऊन येतो आळीत."

पण दुसऱ्या दिवशी बांधाची खांड मोठी झाली. तिसऱ्या दिवशी ह्यांना ताप भरला, तो आठवडाभर. आळीत जाणं राहूनच गेलं. मी देवापुढे ह्यांच्यासाठी दिवा लावला. लावताना मनाच्या तळाशी एक समाधान होतं, आणि त्या समाधानाकडे न बघता मी हात जोडत होते.

रोज साडेनऊला एसटी आली की मी पडवीत यायची. उतरणाऱ्या माणसांत कुणी पांढऱ्या कपड्यांतलं, पिशवी घेतलेलं, परगावचं दिसतं का बघायची. ताप उतरल्यावर पाटीवर लिहून एकदा ह्यांच्याकडून शेडची फळी नीट करून घेतली. ह्यांना वाटलं, सणासाठी.

कुणी आलं नाही.

श्रावणातल्या दुसऱ्या शुक्रवारी एसटीच्या कंडक्टरच्या हाती निरोप आला. रोहिणीनं मला सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं होतं. बिचारीनं हंगाम बुडाल्यावरही कुळाचार सोडला नाही, असं माझ्या मनात आलं. जाताना वाटेत मी काय बोलायचं ते जुळवत होते. 'देव बघतो गं.' 'आमच्या शेडमध्ये जागा आहे.' 'एकत्र राहू.' शेवटचं वाक्य मी दोनतीनदा घोळवलं. चांगलं वाटत होतं ते.

सव्वाअकराच्या एसटीनं गेले, म्हणजे आळीत पोचले तेव्हा बारा वाजायचे होते. मौन होतं.

आळीच्या तोंडाशीच नळ. कळश्यांची रांग. तारामावशींनी मला पाहिलं आणि ओरडल्या, "आल्या! अगो, आल्या बघा वैनी!"

बायका उठल्याच. कळश्या तिथंच सोडून. कुणी ओल्या हातानं नमस्कार केला, कुणी पदर सावरला. मी गोंधळले. "मौन आहे गो त्यांचं, त्रास देऊ नका," तारामावशी सगळ्यांना दटावत होत्या, आणि स्वतःच बोलत होत्या. "पण ऐकायला काय हरकत आहे? वैनी, पहिल्या दिवशी तुमची माती केली ना, माझ्या गणपतीला दाढी फुटली! खरंच! वाळल्यावर बघते तर गालावर पांढरी लव."

सगळ्या हसल्या. मला पुढं चालवत नेत होत्या, आणि बोलणं एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडात जात होतं.

"मग ह्या मंगलनं कापूस कात्रीनं बारीक केला. बोटाच्या पेराएवढा."

"तरी लव येतच होती हो."

"मग समोरचे म्हणाले, प्लास्टरला आम्ही साच्याला आधी पातळ हात देतो, तसं करा की. आधी साध्या शाडूचा हात, पैशाएवढ्या जाडीचा. मग त्याच्यामागे कापसाची माती."

"लव गेली! चेहरा असा लोण्यासारखा."

"आठ दिवसांत, वैनी. तुमची माती आठ दिवसांत सगळ्या आळीत झाली."

मी चालत होते. दोन वर्षं ती लव मी पॉलिशपेपरनं खरवडत होते. प्रत्येक मूर्तीचे गाल, प्रत्येक मूर्तीची सोंड, बोटं सोलेपर्यंत. ह्यांना मी म्हणायची, तडा नाही ना, मग एवढं चालायचंच. आधी साधा हात द्यावा, मग कापसाचा, हे माझ्या कधी मनातही आलं नाही. मनात यायला कुणीतरी समोर बसून 'तुझ्या गणपतीला दाढी आलीय' म्हणायला हवं होतं.

रोहिणीच्या ओटीवर नव्वद मूर्ती बसल्या होत्या. रंगाला तयार, पांढऱ्याशुभ्र. आतल्या खोलीपर्यंत रांग. मी एकीच्या सोंडेवरून बोट फिरवलं.

"बघा, वैनी," मधूभाऊजी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "व्यापारी काल बघून गेला. पुढच्या वर्षी दोनशे म्हणाला. जागेचं पण मालकाशी बोलणं झालं. तुम्ही नसतात तर…"

रोहिणी आतून आली. हळदीकुंकवाची कोयरी हातात. माझ्याकडे बघून नेहमीसारखी हसली.

"आधी नैवेद्य दाखवू द्या त्यांना," ती म्हणाली. "मग त्या बोलतील. मग तुम्ही बोला. तोपर्यंत मला बोलू द्या."

मी नैवेद्य दाखवला. मौन सुटलं. पुरणावर तूप वाढताना रोहिणीनं माझ्या पानाकडे पाहिलं आणि ती पुढच्या पानाकडे वळली.

जेवणं झाल्यावर बायका ओटीवर जमल्या. तारामावशी माझ्या शेजारी. सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "वैनी, हे तुम्हाला सुचलं कसं?"

मी सांगायला लागले. शेडचं दार, वातींचा कापूस, वारा, तो एक गोळा. कापूस आधी पाण्यात नाही भिजवला तर त्याच्या गुठळ्या होतात, हे सांगितलं तेव्हा दोघीतिघी एकदम "अगोबाई, म्हणून!" म्हणाल्या. त्यांना ते कळलं नव्हतं. मंगलनं उठून आतून घमेलं आणलं, मी तिला दाखवलं. ती म्हणाली, मग कोमट पाणी घेतलं तर? मी म्हटलं, कधी बघितलं नाही. ती म्हणाली, आत्ता बघू. इतकं सलग मी माझ्या आयुष्यात कधी बोलले नसेन. आणि त्या प्रत्येक वाक्याला कुणाचं तरी वाक्य येऊन मिळत होतं.

मग तारामावशींनी विचारलं, "पण मौनात हे सगळं हिला सांगितलंत कसं?"

ओटीवर सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. कौतुकानं.

"पाटीवर लिहून दिलं," रोहिणी म्हणाली. ती दारात उभी राहून वाटीतला रंग ढवळत होती. मान वर न करता म्हणाली. "व्रत मोडलं नाही, आणि आमचं घर राखलं. अक्षर सुरेख आहे हो वैनींचं."

"भाग्यवान आहेस गो," तारामावशी तिला म्हणाल्या. "अशी जाऊ मिळायला पुण्य लागतं."

"लागतं खरं," रोहिणी म्हणाली.

तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, नळ आला. बायका पांगल्या. रोहिणीनं कोपऱ्यातल्या दोन कळश्या उचलल्या, एक माझ्या हातात दिली. रांगेत आमचा नंबर यायला वेळ होता. पाण्याच्या आवाजात माझा आवाज तिच्यापुरताच राहील एवढं मी बघितलं.

"रोहिणी, त्या दिवशी पाटीवर मी काही…"

"पालथी होती," ती म्हणाली.

मी मागच्या रांगेकडे वळून बघितलं.

"बघितली मी. भिंतीकडे तोंड करून ठेवलेली. आणि तुमच्या बोटांना पेन्सिलीची पूड होती." तिनं कळशीच्या तोंडावरून हात फिरवला. "एसटीत बसून इतकी रडले ना, वैनी, की कंडक्टरनं तिकिटाचं विचारलंच नाही. मग खाडीच्या पुलावर म्हटलं, सोंड तरी सोडू. खिडकीतून हात बाहेर काढला. तुटलेल्या कडेला उजेडात पांढरं चमकलं. कापूस."

"सोडली नाहीस?"

"नाही. सोडते म्हणून सांगून आणलेली, ती घरी नेली. तुकडे केले. देवाच्या सोंडेचे. त्या रात्री मला झोप नाही." ती पुढे सरकली, मीही सरकले. "तेव्हा तुमचं तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी."

"मग माझं नाव का सांगितलंस सगळ्यांना?"

"मग काय सांगू? जावेनं सांगितलं नाही म्हणून चोरून आणलं?" ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. डोळ्यांत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "या आळीत बोललेलं भिंतीतून जातं, वैनी. माती जाते तसं तेही गेलं असतं. तुम्ही पुन्हा कधी या नळाशी येऊन उभ्या राहिला असतात का? सांगा."

मी काही बोलले नाही. त्या वेळी मौन नव्हतं माझं.

"धरा कळशी," ती म्हणाली. "पाणी जाईल."

मी कळशी धरली.

पाच वर्षं मी तिच्या जागेचा हेवा केला होता. नळाचा, भिंतींचा, शेजाराचा. तिला जे मिळतं ते त्या जागेमुळे, आणि ती जागा मी देवासाठी सोडली, असं मी देवालाच ऐकवत आले होते. त्या दुपारी, कळशी भरेपर्यंत, मला पहिल्यांदा नुसत्या रोहिणीचा हेवा वाटला. तो इतका वाटला की कळशी कलून पाणी माझ्या पायांवर सांडलं. ती म्हणाली, "जड झाली का? द्या इकडे." आणि दोन्ही कळश्या घेऊन भरभर चालू लागली.

ह्याला आता सव्वीस वर्षं झाली. रोहिणी जाऊनही तीन वर्षं झाली. शेवटपर्यंत तिनं तो विषय पुन्हा काढला नाही, आणि मलाही काढू दिला नाही.

आळीत अजून त्या कापसाच्या मातीला वैनींची माती म्हणतात. मी गेले की नव्या सुना नळावरून उठतात, वाकून नमस्कार करतात. सासवा त्यांना सांगतात, ह्याच त्या, व्रत न मोडता पाटीवर लिहून देणाऱ्या. मी आशीर्वाद देते. सकाळची वेळ असली, तर नुसता हात वर करते.